"आई, तू ट्रामनेच जा" म्हणणाऱ्या मुलाला काय सांगावं?

पत्र : मी एकोणसाठ वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झाले. राहते सांगलीत. मुलगा आणि सून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला असतात. मे-जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे चाललो आहोत. ती दोघं दिवसभर कामावर, आणि घरात बसून राहणं मला जमणार नाही. सून म्हणते, "आई, इथं सगळे सायकलवरच असतात, तुम्हीही चालवा." मुलगा म्हणतो, "आई, तू ट्रामनेच जा, उगाच हाडं मोडून घेशील." मी कॉलेजला हरिपूरहून विश्रामबागला रोज सायकलवर जात होते. नंतर स्कूटी आली. परवा भाचीची सायकल घेऊन कॉलनीत चकरा मारल्या, तोल काही गेला नाही. यजमानांचा गुडघा दुखतो, ते सायकलचं नावही काढत नाहीत. तिथं लायसन्स लागतं का? पंजाबी ड्रेसवर जमेल का? आणि मुळात या वयात परक्या गावात हा उद्योग करावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं. चालवा. साध्या सायकलला तिथं लायसन्स लागत नाही आणि वयाची वरची अटही नाही. फक्त पहिले काही दिवस एकटीनं जाऊ नका, सुनेच्या मागं मागं जा.

मुलाला भीती आहे ती गाड्यांची. आपल्याकडच्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला ती वाटणारच. पण डेल्फ्टमध्ये गाड्यांचा त्रास तुम्हाला फारसा होणार नाही. मोठ्या रस्त्यांच्या कडेनं लाल रंगाचा वेगळा सायकल-रस्ता असतो, आतल्या गल्ल्यांत गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत असतात, आणि गाडी चालवणारा स्वतःही एरवी सायकलवरच असतो. मला काळजी वाटते ती तुमच्या चांगुलपणाची.

हे जरा उलगडून सांगते. सांगलीत राजवाडा चौक तुम्ही कसा ओलांडता ते आठवा. समोरच्याची नजर पकडायची, आपण थोडं हळू व्हायचं, तो थोडा वळसा घेतो, रिक्षा मधूनच निघून जाते, आणि सगळे पार होतात. ही आपली पद्धत, आणि ती आपल्याकडे चालते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत असतो. डेल्फ्टचा सायकलवाला तुमच्याकडे बघत नाही. हक्क कुणाचा हे त्याला ठाऊक असतं आणि तुम्हालाही ठाऊक असेल असं तो धरून चालतो. हक्क तुमचा असताना तुम्ही "जा बाबा तू आधी" म्हणून थांबलात, तर समोरचा गोंधळतो आणि मागून येणारी कॉलेजची पोरगी तुमच्या मडगार्डवर येऊन आदळते. हक्क त्याचा असताना "थांबेल की तो" म्हणून पुढं घातलीत, तर तो थांबत नाही. तेव्हा तिथं सौजन्य दाखवायचं ते घरी जेवणाच्या टेबलावर. रस्त्यावर सरळ रेषेत, एका वेगानं, अचानक न थांबता जायचं. तुम्ही पुढं काय करणार हे मागच्याला आधी कळलं पाहिजे.

हे कळायला हातानं खूण करावी लागते. वळायच्या आधी त्या बाजूचा हात बाहेर काढणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे आणि लोक ते खरोखर करतात. म्हणजे एका हातानं सायकल चालवता आली पाहिजे. निघण्यापूर्वी महिनाभर सकाळी भाचीची सायकल मागून घ्या आणि एखाद्या मोकळ्या मैदानात एवढं एकच करा: डावा हात सोडून पन्नास पावलं, उजवा हात सोडून पन्नास पावलं, आणि हँडल न डगमगता डाव्या खांद्यावरून मागं बघणं. डाव्याच, कारण तिथं वाहतूक उजवीकडून चालते आणि मागचा माणूस तुम्हाला डावीकडून ओलांडतो. चाळीस वर्षं तुमची मान उजवीकडं वळत आली आहे. सायकल न अडखळता चालवाल, पण मानेची ही सवय मोडायला वेळ लागतो. एका हातानं जमेना, तोल जातोच आहे असं मैदानातच दिसलं, तर मग मुलाचं ऐका आणि ट्रामनं जा. त्यात कमीपणा काही नाही.

आता चौक. तीन गोष्टी ओळखता आल्या की निम्मं काम झालं. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ रंगवलेली असते. त्रिकोणांची टोकं तुमच्याकडं रोखलेली असतील तर थांबून पुढच्याला जाऊ द्यायचं. टोकं दुसऱ्याकडं असतील तर तुम्ही बिनधास्त जायचं. दुसरी गोष्ट, त्रिकोण नाहीत, पाटी नाही, सिग्नल नाही असा गल्लीतला चौक आला, तर उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. मग ती गाडी असो की शाळकरी पोराची सायकल. २००१ सालापर्यंत या नियमात सायकलला गाडीपुढं गौण स्थान होतं, आता नाही. यात तुम्हाला सगळ्यात जास्त घोटाळा होईल, कारण उजवीकडची गल्ली लहानशी, झाडाआड असते आणि आपलं मन म्हणतं, मोठ्या रस्त्यावर तर आपण आहोत. रस्ता मोठा की लहान याचा त्या चौकात संबंध नाही. तिसरी गोष्ट ट्राम. अशा चौकात ट्राम कुठूनही आली तरी आधी ती जाते.

सिग्नलला सायकलचा वेगळा छोटा दिवा असतो, डोळ्यांच्या उंचीवर, सायकलचं चित्र असलेला. खांबावर बटण असेल तर ते दाबा. वाट बघूनही हिरवा येत नाही अशी तक्रार पाहुणे करतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी बटणच दाबलेलं नसतं. मोठ्या चौकात डावीकडं वळायचं असेल तर आधी सरळ पलीकडं जा, तिथं थांबा, मग डावीकडचा दिवा बघून दुसरा टप्पा ओलांडा. वन-वेच्या पाटीखाली छोटं सायकलचं चित्र आणि 'आउटखेझोंदर्ड' अशा उच्चाराचा लांबलचक डच शब्द दिसला, तर तो नियम सायकलला लागू नाही, खुशाल उलट्या दिशेनं जा. पहिल्यांदा फार चोरट्यासारखं वाटतं.

घंटीबद्दल एक. आपण घंटी वाजवतो ती "बाजूला व्हा"साठी, आणि वाजवतच राहतो. तिथं एकदाच टिंग करायचं, त्याचा अर्थ "मी डावीकडून येतेय" एवढाच. तुमच्यामागं कुणी टिंग केलं तर दचकून डावीकडं सरकू नका. आहात तिथंच उजव्या कडेनं चालत राहा. याच सायकल-रस्त्यावर निळ्या नंबरप्लेटच्या छोट्या स्कूटरही येतात, त्या आवाज करत जवळून जातात. त्यांनाही तेच.

आता सायकल कुठली घ्यायची. या बाबतीत मी सुनेपेक्षा तुमच्या बाजूची आहे, कारण तिची सायकल तिच्या उंचीची असणार. डच माणसं उंच, त्यांच्या सायकलीही उंच. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, मग कुणी काही म्हणो. मधली नळी नसलेली लेडीज सायकल सहज मिळते, तिथले पुरुषही ती चालवतात. चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी झाकण असलेली घ्या. कोटाचे सोगे चाकात जाऊ नयेत म्हणून ते झाकण असतं, आपल्या ओढणीचंही तेच काम करतं. म्हणजे पंजाबी ड्रेसचा प्रश्न सुटला. ओढणी तरीही कमरेला बांधा किंवा घरी ठेवा. सलवार फार घेरदार नको. साडीवर मात्र जाऊ नका. कॉलेजात गेला असाल, पण आता पटकन पाय टेकावा लागेल तेव्हा साडी आडवी येते.

ब्रेकचं नीट ऐका. तिथल्या पुष्कळ साध्या सायकलींना मागचा ब्रेक हातात नसतो, पायात असतो. पायडल उलटं फिरवलं की चाक धरतं. आपल्याला सवय काय, उतरणीवर किंवा सिग्नलला उभं असताना पायडल उगाच मागं फिरवायची आणि पाय सोयीच्या जागी आणायचा. तिथं चालत्या सायकलवर ते केलंत तर सायकल जागच्या जागी थांबेल. थांबतानाच एक पायडल वर राहील असं थांबायला शिका, नाहीतर निघताना पंचाईत होते. दोन्ही ब्रेक हातात असलेली सायकल मिळाली तर तीच बरी, पण तीतही बहुतेक वेळा उजवा हात मागचा ब्रेक आणि डावा हात पुढचा, आपल्या उलट. दुकानाबाहेर दहा मिनिटं फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

भाड्यानं घ्यायची तर सरळ सायकलच्या दुकानातून आठवड्याच्या किंवा महिन्याच्या हिशेबानं घ्या. पुढचं टायर निळं असलेल्या सायकली गावभर दिसतील, त्या स्वापफीट्स कंपनीच्या. महिन्याच्या भाड्याची ही कल्पना २०१४ साली डेल्फ्टच्याच विद्यार्थ्यांनी काढली. स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या रेल्वेच्या सायकली तिथल्या रहिवाशाच्या खात्यावर मिळतात, तेव्हा त्या मुलाला घेऊन द्यायला सांगा, पण त्या दिवसाच्या हिशेबानं असतात, दोन महिन्यांना परवडणार नाहीत. रस्त्यात कुणी अगदी स्वस्तात सायकल विकत देऊ लागला तर घेऊ नका. ती चोरीची असते आणि चोरीची वस्तू घेणं हा तिथंही गुन्हा आहे.

चोऱ्या खरंच होतात. मागच्या चाकाला असलेलं गोल कुलूप पुरेसं नाही. जाड साखळी सोबत हवी आणि ती खांबाला किंवा स्टँडला अडकवून लावायची. डेल्फ्टचं स्टेशन २०१५ पासून जमिनीखाली आहे आणि तिथंच सायकलींसाठी मोठा तळ आहे, पहिले चोवीस तास फुकट. बाहेर जागा दिसली म्हणून वाटेल तिथं लावलीत तर नगरपालिका उचलून नेते आणि पैसे भरून सोडवावी लागते. लावल्यावर जागेचा फोटो काढा. हजारो सायकलींत आपली काळी सायकल शोधणं हा तिथला रोजचा छळ आहे. हँडलला एखादी ठसठशीत रंगाची पट्टी बांधा.

आता गाव. डेल्फ्ट म्हटलं की सगळे फोटो जुन्या गावातले असतात: कालवे, कमानीचे पूल, बाजारचौकातलं नवं चर्च, थोडंसं कललेल्या मनोऱ्याचं जुनं चर्च, जिथं चित्रकार वर्मीर पुरलेला आहे. माझं मत असं, की हा भाग सायकलनं बघूच नका. विटांचे ओबडधोबड रस्ते, उंटाच्या पाठीसारखे पूल, कालव्याला कठडा नाही, गुरुवारी बाजार, शनिवारी पर्यटकांची झुंबड. शिवाय हे सगळं पायी अर्ध्या तासात या टोकापासून त्या टोकाला होतं. सायकल स्टेशनच्या तळावर लावा आणि पायी हिंडा. यजमानांनाही हेच जमेल. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर ट्रामचे रूळ आहेत, ते मात्र लक्षात ठेवा: रूळ काटकोनातच ओलांडायचे. तिरके गेलात तर पुढचं चाक खाचेत बसतं. ओला रूळ असेल तर उतरून सायकल हातात धरून ओलांडा, तिथं त्याला कुणी हसत नाही.

सायकलची खरी मजा गावाबाहेर. पूर्वेला महामार्गापलीकडं डेल्फ्टसे हाउट म्हणून तळं आणि झाडी आहे, तुमच्या पहिल्या एकट्या फेरीला ते योग्य. हात बसला की पश्चिमेला स्खिपलाउडन या खेड्याकडं जा. पाच-सहा किलोमीटर, दोन्ही बाजूंनी हिरवी कुरणं, गाई, आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा वर असलेलं कालव्याचं पाणी. कृष्णेचा पूर पाहिलेल्या माणसाला ते पाणी बघून पोटात गोळा येतो, पण तिथं ते शतकानुशतकं असंच बांधून ठेवलेलं आहे. दक्षिणेला स्खी नदीच्या कडेनं रॉटरडॅमपर्यंत जाता येतं, अंदाजे चौदा किलोमीटर. ते मात्र सुट्टीच्या दिवशी सुनेबरोबरच करा.

चढ कुठंही नाही, पण वारा आहे. आणि वारा हाच तिथला चढ समजा. तो बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. नियम एवढाच ठेवा: जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे दमल्यावर येताना तो पाठीशी असतो. स्खिपलाउडनची दिशा याला अगदी जुळते. पावसाचा अंदाज सुनेच्या फोनवर दर पाच मिनिटांचा दिसतो, तिथले लोक सरीच्या मधली फट बघून निघतात. निघताना पातळ रेनकोट पिशवीत असू द्या. सायकलवर छत्री धरून जाणारी मंडळी तुम्हाला दिसतील. तुम्ही धरू नका.

वाट चुकलात तर फोन हातात घेऊन बघत जाऊ नका. जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरायला बंदी आहे आणि दंड जबर असतो. सायकल-रस्त्याच्या मध्येही थांबू नका. आधी पूर्ण बाजूला, गवतावर जा. खरं तर फोनची गरज फार पडत नाही. पांढऱ्या पाट्यांवर लाल अक्षरं दिसली की ती सायकलवाल्यांसाठी, त्यांवर गावाचं नाव आणि अंतर असतं. नुसते आकडे लिहिलेल्या हिरव्या-पांढऱ्या पाट्याही दिसतील. घरून निघताना नकाशावरचे चार आकडे कागदावर लिहून घेतले की आकड्यामागून आकडा गाठत फिरून परत येता येतं.

जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. तरी पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा सायकलला हवाच. अंधारात दिवा नसेल तर पोलीस थांबवतात. आणि ४ मेच्या आत पोहोचलात, तर त्या दिवशी रात्री आठ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळा देश थांबतो. सायकलवर असाल तर उतरून उभ्या राहा.

हेल्मेटवरून घरात वाद होईल हे मी आत्ताच सांगते. कायदा सायकलला हेल्मेट सांगत नाही, तिथले लोक घालत नाहीत, आणि सून म्हणेल, "आई, वेडं दिसतं." दिसू दे. नेदरलँड्समध्ये सायकलवर जीव गमावणाऱ्यांत साठीपुढच्या माणसांचं प्रमाण मोठं आहे. तरुण पोरगी पडली तर उठून झटकून जाते. आपल्या वयात डोक्याचा मार वेगळा असतो. हेल्मेट इथूनच बरोबर न्या. मुलाशी तडजोड करायलाही ते कामाला येईल.

मुलाला आणखी एक सांगा. ही सुरक्षित वाट तिथं पहिल्यापासून नव्हती. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी रस्ते अडवले, आणि त्यानंतरच्या काळात हळूहळू हे लाल रस्ते झाले. गल्लीत चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या मुलांचा हक्क आधी, गाडी अगदी हळू, ही व्यवस्था तर डेल्फ्टमध्येच सुरू झाली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याचं रूप आलं. निळ्या पाटीवर घर, माणूस आणि चेंडू खेळणारं पोर असं चित्र दिसलं की तुम्ही त्या गल्लीत आहात, तिथं तुम्हीही सायकल हळू घ्या. म्हणजे हे रस्ते ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा दुबळ्यांसाठी आखलेले आहेत, लहान मुलं आणि म्हातारी माणसं. तो तुम्हाला म्हातारी म्हणत असेल तर मग रस्ते तुमच्यासाठीच आहेत.

कागदपत्रांचं निघण्यापूर्वी बघा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण सायकलवरून पडल्यास तो खर्च देतो का हे विमावाल्याला लेखी विचारा. तुमच्या धक्क्यानं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा तिथं बहुतेक कुटुंबांकडे असतो. घरी आलेले पाहुणे त्यात येतात का, हे मुलानं स्वतःच्या पॉलिसीत बघावं. आणीबाणीचा नंबर ११२.

राहता राहिले यजमान. त्यांना बॅटरीची सायकल घेऊन देण्याचा मोह मुलाला होईल. ताशी २५ किलोमीटरपर्यंत मोटर साथ देते अशा सायकलीला लायसन्स लागत नाही, हे खरं. पण ती जड असते, थांबताना सगळा भार एका पायावर येतो, आणि तो पाय नेमका दुखऱ्या गुडघ्याचा असला तर अवघड. नको. मागं डबलसीट बसणं तिथं चालतं, पण तिथली रीत म्हणजे सायकल सुरू झाल्यावर मागच्यानं उडी मारून कॅरिअरवर बसायचं. तेही नको.

त्यांना ट्राम द्या. डेल्फ्टहून १ नंबरची ट्राम हेग शहरातून थेट स्खेवनिंगनच्या समुद्रकिनाऱ्याला जाते. रविवारी त्यांनी मुलाबरोबर ट्रामनं निघावं, तुम्ही आणि सून सायकलनं. अंतर चौदा-पंधरा किलोमीटर, वाटेत थांबत गेलात तरी दीड तासात पोहोचाल. ते आधी पोहोचतील, तेव्हा किनाऱ्यावर जागा त्यांनी धरावी. ट्राममध्ये तिकिटाऐवजी आपलं कॉन्टॅक्टलेस बँक-कार्ड यंत्राला टेकवून चालतं. चढताना टेकवलेलं कार्ड उतरतानाही टेकवायचं असतं, नाहीतर जास्तीचे पैसे कापतात. हे त्यांना निघताना दोनदा सांगा.